सिंकवरचा सिंगल लिव्हर नळ: वापरून आणि खोलून बघितल्यावर

सुरुवातीलाच सांगते, नळ चांगला आहे आणि वेळ आली तर मी पुन्हा हाच घेईन. ओट्यावर बसणारा सिंगल लिव्हर मिक्सर, म्हणजे एकाच दांडीने गार आणि गरम पाणी मिसळणारा नळ, कमानीसारखा वळलेला आणि दोन्ही बाजूंना फिरणारा स्पाउट (पाणी पडतं ती नळी), पितळेची बॉडी, वर क्रोमचा मुलामा, आत ३५ मिमीचं सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा सुटा भाग. आमच्याकडे तो सकाळपासून रात्रीपर्यंत सारखा चालू-बंद होत असतो. त्याच्याबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. एक लिव्हर मधोमध असताना काय होतं त्याबद्दल, दुसरी सोबत आलेल्या कनेक्शन पाइपांबद्दल. त्या पुढे लिहितेच. पण नळ चांगला का, हे सांगायचं तर तो आधी उलटा धरायला हवा.

मी बरीच वर्षं पितळी सुट्या भागांच्या तपासणी विभागात काम केलं आहे. गो आणि नो-गो गेजने, म्हणजे माप बरोबर आहे की नाही ते दाखवणाऱ्या मापकांनी, आटे तपासायचे, मायक्रोमीटरने भिंतीची जाडी मोजायची, मुलाम्याखाली फोड आहे का ते भाग उजेडात तिरका धरून बघायचं. ती सवय हातात राहिली आहे. दुकानात नळ मांडलेले असतात ते चमकती बाजू आपल्याकडे करून, आणि मी पहिल्यांदा तो उचलून खालून बघते.

पाइप जिथे बसतात त्या भोकांत मुलामा खोलवर पोचत नाही, त्यामुळे तिथे मूळ धातू उघडा दिसतो. पिवळा दिसला तर पितळ. राखाडी, मंद रंगाचा दिसला तर जस्ताची मिश्रधातू, जी दाबाने साच्यात ओततात. चुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही. वजनाने कळतो, पण तोही सारख्या आकाराचे दोन नळ दोन हातांत धरले तरच. पितळेची घनता साधारण ८.४ ते ८.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते, जस्ताच्या मिश्रधातूची ६.६ ते ६.७. जस्ताची बॉडी नवी असताना डोळ्यांना वेगळी दिसतच नाही. काही काळाने आट्यांच्या मुळाशी पांढरी भुकटी धरते, आणि मग कधीतरी नट आवळताना गळ्यापाशी मोडते. लिव्हर किंवा वरची टोपी जस्ताची असली तर माझी हरकत नाही, कारण तिथे पाणीही नसतं आणि दाबही नसतो. पाणी जिथून जातं तो भाग मात्र पितळेचा किंवा ३०४ स्टेनलेस स्टीलचा हवा. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं स्टील. बाहेरच्या धुण्याच्या जागी, जिथे गरम पाणी येत नाही, तिथे चांगल्या प्लास्टिकचा नळही उत्तम चालतो. क्षारांनी तो गंजत नाही.

पितळ म्हटलं की एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते, कारण दुकानात ती कोणी बोलत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पण लेथवर चालणाऱ्या नेहमीच्या पितळेत २ ते ३ टक्के शिसंही घातलेलं असतं. शिशामुळे कीस लांबलचक गुंडाळी न होता बारीक तुकड्यांत तुटून पडतो, हत्यार कमी झिजतं आणि आटे स्वच्छ निघतात. कारागिराच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे. पिणाऱ्याच्या दृष्टीने नाही. नळात रात्रभर पाणी साठून राहिलं की त्या शिशाचा थोडा अंश पाण्यात उतरतो, आणि गरम पाण्यात तो जास्त उतरतो. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं घातक आहे आणि त्याची सुरक्षित म्हणावी अशी पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या नळांत, पाण्याचा स्पर्श होणाऱ्या भागांत, शिशाचं सरासरी प्रमाण ०.२५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून स्वयंपाकघरासाठी नळ घेताना तो पिण्याच्या पाण्यासाठी तपासलेला आहे का, शिसेमुक्त किंवा कमी शिशाचा असं खोक्यावर किंवा माहितीपत्रकावर लिहिलं आहे का, हे मी विचारते आणि लिहिलेलं दाखवायला सांगते. माझ्या या नळाच्या कागदावर ते आहे. तरीसुद्धा सकाळी आधी थोडं पाणी वाहू देते आणि मग पिण्याचं भरते. ते पहिलं पाणी भांडी विसळायला जातं. पिण्यासाठी आणि रांधण्यासाठी नेहमी गार बाजूचंच पाणी घ्यावं. पाणी उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं.

पितळेचा दुसरा शत्रू म्हणजे खुद्द पाणी. काही पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू विरघळून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. असा भाग तुटला की आतून पिवळा दिसत नाही, गुलाबी दिसतो, आणि बोटांनी दाबला तरी कडा झडतात. नोकरीत असे परत आलेले स्पिंडल, म्हणजे नळाच्या चावीखालच्या दांड्या, मी हातात घेतले आहेत. यावर उपाय म्हणून जस्त न सोडणारं पितळ बनवतात, त्यात अगदी थोडं आर्सेनिक घालतात. डीझेडआर अशी खूण असेल तर ते हेच. ज्यांच्याकडे पाणी फार क्षारयुक्त आहे त्यांनी ही खूण जरूर शोधावी.

मुलाम्याबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. चमक दिसते ती क्रोमची, पण क्रोमचा थर फार तर अर्ध्या मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा शंभरावा भागसुद्धा नाही. खरं संरक्षण करतो तो त्याच्या खालचा निकेलचा थर. तो पातळ असला की क्रोमवर आधी बारीक ठिपके येतात आणि मग पापुद्रा सुटतो. युरोपात नळाच्या मुलाम्याची परीक्षा २०० तास मिठाच्या पाण्याच्या धुक्यात ठेवून घेतात. माहितीपत्रकात तासांचा आकडा दिलेला असेल तर तो वाचावा. नुसतं ‘प्रीमियम फिनिश’ असं लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीही कळत नाही. मी स्वतः नळ खिडकीपाशी नेऊन तिरका धरते आणि ट्यूबलाइटचं किंवा खिडकीच्या गजाचं प्रतिबिंब त्यावरून सरकवते. प्रतिबिंबाची रेघ कुठे थरथरली तर तिथे खालचं घासकाम कच्चं आहे. स्पाउटची आतली वळणाची बाजू आणि बॉडीला जोड असलेली जागा, या दोन ठिकाणी कामाचा कस दिसतो.

काळे आणि सोनेरी नळ हल्ली खूप दिसतात. पीव्हीडी पद्धतीने, म्हणजे निर्वात पेटीत, चढवलेला रंग कठीण असतो आणि टिकतो. रंगाची पूड भाजून चढवलेला थर त्या मानाने ओरखडे लवकर धरतो. पण पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर काळ्या नळावर प्रत्येक वाळलेल्या थेंबाचं पांढरं वर्तुळ दिसतं, आणि ते रोज पुसायची तयारी हवी. आमची नव्हती, म्हणून आम्ही क्रोम घेतला. एक कळकळीची विनंती: नळावर फरशी किंवा संडास साफ करायचं ॲसिड पडू देऊ नका. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोम खाऊन टाकतं. ओलं फडकं आणि थोडा भांड्यांचा साबण, मग कोरडं फडकं, एवढं पुरतं.

आता आतलं. जुन्या पद्धतीचा नळ, ज्याची चावी गोल गोल फिरवत आवळायची, तो इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळकाम करणाऱ्या कारखान्याने १८४५ मध्ये पेटंट घेऊन बाजारात आणला. त्यात स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर असतो आणि तो सीटवर, म्हणजे खालच्या बैठकीवर, दाबला जाऊन पाणी अडतं. वायसर झिजला की लोक जोराने आवळतात, जोराने आवळलं की सीटला खाच पडते, आणि मग वायसर बदलूनही थेंब थांबत नाही. थेंबाचा हिशोब करून बघा. पाव मिलिलिटरचा एक थेंब दर सेकंदाला पडला तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत २१.६ लिटर पाणी गेलं.

सिरॅमिक कार्ट्रिजमध्ये वायसर नसतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दोन चकत्या एकमेकींवर बसवलेल्या असतात. खालची स्थिर, वरची लिव्हरबरोबर सरकते. दोन्हींना भोकं असतात. भोकासमोर भोक आलं की पाणी वाहतं, सरकलं की बंद. या चकत्या इतक्या सपाट घासलेल्या असतात की त्यांच्यामधून पाणी जात नाही, आणि पदार्थ इतका कठीण असतो की एकमेकींवर घासून त्या सहजी झिजत नाहीत. त्यामुळे असा नळ बंद करताना जोर लावायचाच नसतो. पाव फेऱ्याचे नळही याच तत्त्वावर चालतात. एका लिव्हरने गार आणि गरम दोन्ही सांभाळायची कल्पना अल मोएन या अमेरिकन तरुणाला १९३७ मध्ये सुचली, तीही दोन चाव्यांच्या नळाखाली हात पोळल्यावर, आणि १९४७ मध्ये त्याचा नळ विक्रीला आला.

खोक्यांवर ‘५ लाख वेळा तपासलेलं कार्ट्रिज’ असं छापलेलं असतं. दिवसाला ५० वेळा नळ उघडला तर ५ लाख वेळा उघडायला १०,००० दिवस लागतील, म्हणजे २७ वर्षं. यंत्रावर ते होतंही, कारण यंत्राला स्वच्छ पाणी मिळतं. घरच्या पाण्यात वाळूचा कण, पाइपातला गंज, टाकीतला गाळ असतो. कार्ट्रिज घालवतात ते हे कण. म्हणून कार्ट्रिज किती चालेल यापेक्षा ते किती सहज काढता येतं आणि तसंच दुसरं मिळतं का, याला मी जास्त महत्त्व देते. ३५ आणि ४० मिमी ही सिंगल लिव्हरची सर्रास चालणारी मापं आहेत. कंपनीचं स्वतःचंच वेगळं माप असेल आणि उद्या ते मॉडेल बंद झालं, तर चांगला नळ एका छोट्या भागापायी फेकावा लागतो. विक्रेत्याला मी सरळ विचारते, ‘याचं सुटं कार्ट्रिज आत्ता दाखवा.’ दाखवता आलं नाही तर तो नळ मी घेत नाही.

आमचं कार्ट्रिज एकदा खोलायची वेळ आली. टाकी धुतल्यानंतर लिव्हर हलवताना खरखर लागायला लागली आणि बंद केल्यावर स्पाउटच्या टोकाला थेंब धरायला लागला. आधी सिंकखालचे दोन्ही अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणारं पाणी अडवायच्या तोट्या, बंद केले आणि लिव्हर उघडून उरलेलं पाणी जाऊ दिलं. सिंकच्या भोकावर फडकं टाकलं, कारण या कामात स्क्रू हमखास तिथेच जातो. लिव्हरवर लाल-निळी टिकली असते, ती नखाने किंवा पातळ पट्टीने उचलायची. तिच्या मागे बारीक, डोकं नसलेला ग्रब स्क्रू असतो, त्याला ॲलन की, म्हणजे वाकडी षटकोनी चावी, लागते. तो पूर्ण काढायचा नाही, दोन फेरे सैल करायचा, लिव्हर वर उचलली जाते. खाली चमकती टोपी हाताने फिरते. तिच्याखाली पितळेचा मोठा नट, जो पान्याने सोडवावा लागतो. मग कार्ट्रिज सरळ वर येतं. त्याच्या तळाला दोन छोट्या खुंट्या असतात, त्या बॉडीतल्या खाचांत बसतात, आणि पाण्याच्या वाटांभोवती रबरी रिंगा असतात. एका रिंगेखाली मला बाजरीच्या दाण्याहून लहान असा खडा सापडला. बॉडीतली बैठक ओल्या कापडाने पुसली, रिंगा धुतल्या, कार्ट्रिज वाहत्या पाण्याखाली लिव्हरची दांडी सगळीकडे हलवत धुतलं आणि खुंट्या जागेवर बसल्याची खात्री करून परत बसवलं. नट बेताचाच आवळायचा. फार आवळला तर लिव्हर जड होते, सैल राहिला तर टोपीखालून पाझरतं. थेंब थांबला, खरखर गेली. हे सगळं प्लंबरला न बोलवता करता आलं, आणि हा नळ मला आवडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

नळ नवा बसवताना एक काळजी घ्यावी. आटे पाडताना पडलेले पाइपाचे तुकडे, टेफ्लॉन टेपचे धागे, सिमेंटचे कण, हे सगळं पहिल्या पाण्याबरोबर येतं. त्यामुळे नळ जोडण्याआधी अँगल कॉक उघडून पाणी बादलीत सोडावं, आणि नळ बसल्यावर तोंडाची जाळी काढून पुन्हा एकदा वाहू द्यावं. आमच्या प्लंबरदादांना घाई होती, पण माझ्या नवऱ्याने उभं राहून ते करवून घेतलं. बादलीच्या तळाला जे जमलं ते बघून दादांनीच पुढे दुसऱ्या बाजूचंही पाणी सोडलं.

तोंडाची जाळी, म्हणजे एरेटर, पाण्यात हवा मिसळतो. धार मऊ पडते, कमी उडते, आणि कमी पाण्यात हात भरल्यासारखा वाटतो. क्षारांनी जाळी बुजली की धार वाकडी जाते. ती काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की कॅल्शियमचा थर सुटतो, मग जुन्या टूथब्रशने घासायची. व्हिनेगरमध्ये फक्त जाळीच, अख्खा नळ नाही. आमच्या नळाची जाळी हाताने निघते. काही नळांत ती आत बुडालेली असते आणि तिला वेगळी प्लास्टिकची चावी लागते. ती चावी पहिल्याच दिवशी जपून ठेवावी.

पाण्याच्या दाबाचा विचार न करता नळ घेतला जातो, याचं मला वाईट वाटतं, कारण इथे हिशोब सोपा आहे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. टाकीचा तळ नळापेक्षा ४ मीटर वर असेल तर दाब ०.४ बार. आता खोक्यावर काय लिहिलंय ते बघा. बऱ्याच मिक्सरचा प्रवाह ३ बारवर मोजून दिलेला असतो. समजा ३ बारवर मिनिटाला ८ लिटर असं लिहिलं आहे. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे दाब चौपट केला तर पाणी दुप्पट येतं. तेव्हा ०.४ बारवर त्याच नळातून मिनिटाला ३ लिटरच्या आतच पाणी येईल. मोठं पातेलं भरायला किती वेळ उभं राहावं लागेल, ते आधीच कळलं. टाकीवर चालणाऱ्या घरात किमान दाबाचा आकडा सगळ्यात आधी वाचावा. आमच्या नळाच्या कागदावर तो ०.३ बार होता. शेजारच्या तितक्याच देखण्या नळावर १ बार होता, म्हणून तो तिथेच ठेवला. उलट ज्यांच्याकडे पंपाने जोराचा दाब येतो त्यांनी दाब सांभाळून प्रवाह सारखा ठेवणारा एरेटर घ्यावा, नाहीतर ओटा सतत ओला राहतो.

मापांचं थोडक्यात सांगते. नळाच्या मध्यापासून धार पडते तिथपर्यंतचं अंतर मोजा. धार सिंकच्या मधोमध, भोकाच्या आसपास पडायला हवी. अंतर कमी पडलं तर हात मागच्या कडेला आपटतात आणि नळाच्या बुडाशी पाणी साचतं. कमान उंच असेल तर मोठी भांडी खाली मावतात, पण सिंक उथळ असेल तर तितकंच पाणी अंगावर उडतं. मी जाड कागदाचा नळाच्या उंचीचा आकार कापून सिंकमागे उभा करून बघितला होता. त्यातून कळलं की वरची फळी आड येत नाही, पण लिव्हर मागे ढकलायची असती तर भिंतीला लागली असती. म्हणून बाजूला लिव्हर असलेला नळ घेतला. स्पाउटचं तोंड सिंकच्या काठापेक्षा वर राहायलाच हवं, म्हणजे तुंबलेलं घाण पाणी कधीच उलटं नळात ओढलं जात नाही. ओढून बाहेर काढायच्या स्प्रेचा नळ मी याच कारणाने नीट तपासून बघितला. त्यात उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असायला हवा, आणि आमच्या दाबावर त्या स्प्रेमध्ये जीवच राहिला नसता.

आता तक्रारी. लिव्हर सरळ, मधोमध ठेवून उघडली की गार आणि गरम दोन्ही अर्धं अर्धं येतं. घरातला प्रत्येक जण लिव्हर मधूनच उघडतो, कारण ती तिथे बघायला बरी दिसते. परिणाम असा की दोन भांडी विसळताना गरम पाण्याची लाइन उगाच उघडते, तात्काळ पाणी तापवणारा गीझर असेल तर तो सुरू होतो, आणि ते गरम पाणी नळापर्यंत पोचायच्या आत आपण नळ बंद केलेला असतो. वीज किंवा गॅस जातो आणि हाताला गार पाणीच लागतं. यावर इलाज असलेली कार्ट्रिजं आता मिळतात. त्यात मधली जागा फक्त गार पाण्याची असते आणि गरम हवं तर मुद्दाम एका बाजूला वळवावं लागतं. माझ्या मते प्रत्येक सिंगल लिव्हर नळात हीच सोय असायला हवी. पुढचं कार्ट्रिज बदलताना त्या प्रकारचं याच मापात बसतं का, ते मी बघणार आहे.

दुसरी तक्रार कनेक्शन पाइपांची. इतक्या चांगल्या बॉडीसोबत कंपनीने दिलेले पाइप आखूड होते आणि वरची तारेची वीण सैल होती. बोटाने सरकवली तर आतलं काळं रबर दिसायचं. पाइप ताणून बसवला की आट्यांवर सतत ओढ राहते, आणि सिंकखाली पाणी भरलं तर ते कपाट उघडेपर्यंत कोणाला कळत नाही. ते पाइप मी बसवूच दिले नाहीत. ३०४ तारेची घट्ट वीण, पितळेचे नट आणि थोडी ढील राहील एवढी लांबी, असे वेगळे घेतले. पाइपाला पीळ पडू देऊ नये आणि तो दुमडू नये. आत रबरी गास्केट असेल तिथे टेफ्लॉन टेप लागत नाही. टेप फक्त धातूवर धातू बसणाऱ्या आट्यांना, आवळण्याच्या दिशेने गुंडाळावी.

बाथरूमचं गणित वेगळं. बेसिनवर आम्ही पाव फेऱ्याचा पिलर कॉक, म्हणजे बेसिनवर उभा बसणारा एका पाण्याचा नळ, लावला आहे, लांबट लिव्हरचा. सासूबाईंची बोटं सांध्यांपाशी सुजलेली असतात, गोल गुळगुळीत चावी त्यांना साबणाच्या हाताने फिरवता येत नव्हती. आता मनगटाने ढकलली तरी नळ बंद होतो. घरात वयस्कर माणूस असेल तर दिसण्याचा विचार बाजूला ठेवा आणि त्यांना दुकानात नेऊन त्यांच्या हाताने नळ उघडून बघा.

अंघोळीच्या मिक्सरमध्ये तापमानाची काळजी जास्त. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजते, लहान मुलांची त्याहून लवकर. थर्मोस्टॅटिक मिक्सरमध्ये ३८ अंशांवर खटका असतो आणि तो दाबल्याशिवाय पाणी त्यापुढे गरम होत नाही. लहान मुलं किंवा वयस्कर असतील तिथे तो घ्यावा, फक्त त्याचा किमान दाबही आधी वाचावा. भिंतीत गाडलेला डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा भाग, घ्यायचाच असेल तर कार्ट्रिज पुढून निघतं याची खात्री प्लंबरकडून नाही, कंपनीच्या चित्रावरून करून घ्या. एका रिंगेसाठी टाइल फोडायची वेळ कोणावर येऊ नये.

हमीचा कागद वाचताना बॉडी, कार्ट्रिज आणि मुलामा यांची मुदत वेगवेगळी असते, हे लक्षात ठेवा. मुलाम्याची हमी बहुतेक वेळा जड पाण्याचे डाग आणि ॲसिडने झालेली खराबी वगळते. मॉडेल नंबर खोक्यावर असतो, नळावर नसतो, म्हणून खोक्याचा तेवढा तुकडा कापून बिलासोबत ठेवावा. मी त्याच्यासोबत एक सुटं कार्ट्रिज आणि ॲलन कीही ठेवली आहे.

हा नळ कोणी घेऊ नये, तेही सांगते. सिंकपर्यंत गरम पाण्याची लाइन आलेली नसेल तर मिक्सर घेण्यात अर्थ नाही. एक तोंड बुच लावून बंद करावं लागतं, लिव्हर एका बाजूला नेली की पाणी येतच नाही, आणि घरातले रोज गोंधळतात. त्यांनी फक्त गार पाण्याचा, फिरत्या स्पाउटचा सिंक कॉक घ्यावा. तोही पितळेचा, पाव फेऱ्याचा आणि कार्ट्रिज निघणारा.